वारा मी घेतो

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या दवाखान्यात नर्स होते. यावल-चोपड्याकडच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये आम्ही अधूनमधून तपासणीला जायचो. तिथे दर चार घरांआड एखादं म्हातारं माणूस भिंतीला धरून चालताना दिसायचं. "डोळे गेले," असं घरचे सहज सांगायचे, जसं केस पिकले म्हणतात तसं. बहुतेकांना मोतीबिंदू असायचा, आणि तो काढता येतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसायचं.

त्या गावांसाठी डोळ्यांचं शिबिर घ्यायचं आणि त्याकरता मदत गोळा करत भुसावळहून मुंबईपर्यंत सायकलने जायचं, ही कल्पना नानांची. नाना रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. दवाखान्यात रक्तदाब तपासायला आले असताना त्यांनी ती मला सांगितली, आणि मी पट्टा सोडता सोडता म्हणून गेले, "मीही येते नाना."

घरी सांगितलं तेव्हा मिस्टर उठून अंगणात गेले. माझी लेडीज सायकल उलटी केली आणि चेनला तेल घालायला लागले. तेच त्यांचं उत्तर होतं.

नानांनी जमवलेल्या मंडळींत रेल्वेतले काही जण होते, फैजपूरचे दोन केळीवाले शेतकरी होते आणि जळगावचे एक वकील होते. वकीलसाहेब पन्नाशीचे, अंगाने सडपातळ, रोज पहाटे मेहरूणच्या तलावाला फेऱ्या मारणारे. त्यांची सायकल गिअरची होती. पहिल्याच बैठकीत ते माझ्यासमोर नानांना म्हणाले, "सिस्टरांबद्दल आदर आहे. पण रोज साठ किलोमीटर म्हणजे थट्टा नाही. त्यांच्यासाठी सगळे थांबत बसणार का?"

नाना म्हणाले, "थांबलो तर चहा पिऊ."

फेब्रुवारी संपत आला होता. भुसावळला हारतुरे झाले, रेल्वे कॉलनीतल्या बायकांनी ओवाळलं आणि आम्ही निघालो. जळगावपर्यंत कसा रस्ता सरला कळलंच नाही. बाजारात आमचा मदतीचा डबा फिरला. भाजीवाल्या बायकांनी तर हातातलं वजन खाली ठेवून आधी आमच्या डब्यात काहीतरी टाकलं. मला वाटलं, हे असंच असेल तर मी दिल्लीलासुद्धा जाईन.

दुपारनंतर वारा सुटला. पश्चिमेकडून, थेट तोंडावर. तोपर्यंत वारा म्हणजे कपडे वाळवणारी गोष्ट एवढंच मला माहीत होतं. पॅडल मारतेय आणि सायकल जागची हलत नाही असं वाटायचं. ट्रक गेला की हँडल थरथरायचं. पुढची मंडळी आधी लहान दिसली, मग दिसेनाशी झाली. एरंडोलला पोचले तेव्हा दिवे लागले होते. उतरले तर गुडघे वाकेनात. मुक्कामाच्या शाळेच्या ओट्यावर बसून तळपाय चोळत होते, तेवढ्यात आतून वकीलसाहेबांचा आवाज आला.

"नाना, उद्या त्यांना एसटीत बसवून द्या. धुळ्याच्या सभेला येतील. त्यांनाही त्रास नको."

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. राग त्यांचा नव्हता. ते म्हणत होते ते मलाही पटत होतं, याचं वाईट वाटलं. नाना बाहेर आले आणि शेजारी बसले.

"काय करायचं सिस्टर?"

"सकाळी सांगते."

 सकाळी मी सगळ्यांच्या आधी सायकलवर बसले.

पारोळा ओलांडलं आणि पुन्हा तोच वारा. या वेळी नाना मुद्दाम माझ्याबरोबर मागे राहिले होते. उन्हं चढली तसे सगळे रस्त्याकडेच्या एका मळ्यात थांबले होते, तिथे आम्हीही पोचलो. मळेकरी भला माणूस. त्याच्या बायकोने भराभर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टाकल्या, वांग्याचं भरीत केलं. लिंबाखाली बाजेवर त्याची म्हातारी आई बसली होती. माझा आवाज ऐकून तिने हात पुढे केला.

"कोन शे? बाई शे का?"

"हो अक्का."

"तू सायकलवर उनी?" तिने माझा हात चाचपला, मग खांदा, मग गाल. "माय वं! कितली तापनी शे." आणि सुनेला ओरडून सांगितलं की या पोरीला आधी ताक दे.

मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. दोन्ही बुबुळांच्या मधोमध पांढुरकं. पिशवीतली बॅटरी काढून उजेड टाकला. "उजेड कळतो का?"

"कळस."

मळेकरी म्हणाला, "दोन-तीन वर्षं झाली. वय झालं तिचं. देवाची मर्जी."

"डॉक्टरांनी बघायला हवं भाऊ," मी म्हटलं, "पण हा मोतीबिंदूच दिसतो. ऑपरेशन झालं तर बहुतेक दिसेल त्यांना."

त्याचा घास हातातच राहिला. समोर वकीलसाहेब जेवत होते, त्यांनीही ताट खाली ठेवलं. म्हातारी मात्र हसली. "आते काय देखनं शे माले?" असं म्हणून परत माझा हात धरून बसली. सोडेचना.

निघताना मी सायकल रस्त्यावर आणली. वकीलसाहेब त्यांची गिअरची सायकल घेऊन माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मागे न बघताच म्हणाले, "सिस्टर, माझ्या मागच्या चाकाला चिकटून चला. फार अंतर ठेवू नका. वारा मी घेतो."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांच्या पाठीमागे गेले आणि एकदम कानातला घोंघाट कमी झाला. पाय हलके झाले. भिंतीच्या आडोशाला उभं राहावं तसं वाटलं. त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, मान खाली होती, पण वेग त्यांनी माझ्याच बेताचा ठेवला होता. चढ आला की विचारायचे, "आहात ना?" मी म्हणायचे, "आहे." मध्येच त्यांनी विचारलं, "ऑपरेशनला किती वेळ लागतो हो? दुखतं का?" वाऱ्यात ओरडून ओरडून मी त्यांना मोतीबिंदू समजावून सांगितला.

धुळ्याला आम्ही सगळे एकत्र पोचलो. संध्याकाळच्या सभेत बोलायला वकीलसाहेबांचं नाव होतं. ते माइकपाशी गेले आणि म्हणाले, "मी सायकल चालवायला आलो होतो. कशासाठी चालवतोय ते आज दुपारी कळलं. ते सिस्टर सांगतील." मी उठले आणि बोलले. मळ्यातल्या अक्कांबद्दलच बोलले.

पुढे मुंबई गाठली. नाशिकपर्यंत वाऱ्याच्या वेळी कुणी ना कुणी माझ्यापुढे असायचं, कसारा घाट उतरताना मात्र मी सगळ्यांच्या पुढे होते. त्या वर्षाअखेरीस शिबिर झालं. अक्कांना आणायला वकीलसाहेब स्वतः जीप घेऊन पारोळ्याच्या मळ्यावर गेले. पट्टी सोडली त्या सकाळी ते पलंगाशी उभे राहून विचारत होते, "दिसतंय का अक्का?" म्हातारीने डोळे किलकिले करून त्यांना न्याहाळलं.

"तू तं म्हतारा शेस! आवाजवरथून माले पोऱ्या वाटना व्हता."

अख्खा वॉर्ड हसला. वकीलसाहेब हसता हसता चष्मा पुसायला खिडकीशी गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

दुसऱ्या वर्षी पुन्हा जायचं ठरलं तेव्हा त्यांच्या पत्नीने नाव दिलं. त्यांना सायकल येत नव्हती. मग रविवारी दोघं दीपनगरला यायचे. वसाहतीच्या मैदानावर मी त्यांना शिकवायचे, आणि वकीलसाहेब कॅरिअर धरून मागे धावायचे. "सोडू नका हं!" त्या ओरडायच्या. "धरलंय, धरलंय," म्हणत त्यांनी कधीच हात सोडलेला असायचा.

चांगली माणसं भेटावीत म्हणून मी काही वेगळं केलं नव्हतं. ती भेटली. आजही त्या रस्त्याने एसटीने जाताना पारोळा मागे पडलं की मी खिडकी उघडते आणि वारा तोंडावर घेते.