लाल पेन्सिलीची रेघ

कांबळे वकील नव्या अशिलाशी पहिल्या दिवशी बोलतच नसत. माणूस घाबराघुबरा होऊन यायचा, बसायच्या आधीच ‘साहेब, मला यात गोवलंय’ म्हणून सुरू व्हायचा. कांबळे नुसता हात वर करायचे. दोषारोपपत्राचा अख्खा गठ्ठा त्याच्याच मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, “वाचा. मोठ्यानं. पहिल्या पानापासून.” मग डोळे मिटून, सुपारी चघळत ऐकत बसायचे. अशील सगळे शिकलेसवरलेले असत, कुणी ग्रामसेवक, कुणी गटसचिव, कुणी ओव्हरसिअर. दहाव्या पानापर्यंत त्यांचा आवाज बसायचा. एखाद्याने अडचणीची ओळ गाळलीच तर कांबळे डोळे न उघडता म्हणायचे, “मागं या. सह्या करताना वाचलं न्हाई म्हणून ही पाळी आली. आता तरी वाचा.”

मी या माणसावर जळत होतो. थोडाथोडका नाही, चांगली पंचवीस वर्षं जळत होतो. लातूर जिल्हा झाला त्या दिवशी माझ्या वडिलांनी डाळमिलच्या हमालांना पेढे वाटले होते. सत्र न्यायालय गावात येणार, उस्मानाबादच्या एसटीत धक्के खायची गरज नाही, आणि आपला पोरगा आता मोठा वकील होणार, असा त्यांचा हिशेब. मी पाटीसुद्धा नवी रंगवून घेतली. दोन महिन्यांत उस्मानाबादहून एक ट्रंक आणि एक सायकल घेऊन कांबळे आले, आणि वर्षभरात सत्र न्यायालयातली निम्मी कामं त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसली.

ते उदगीरच्या पलीकडच्या एका खेड्यातले. घर बौद्ध, वडील दुसऱ्याच्या शेतात राबलेले, घरातला पहिला पदवीधर हाच. आमच्या आडत बाजारातले लोक त्यांचं आडनाव ऐकून आधी जरा थबकत, इकडेतिकडे बघत, आणि मग फाईल घेऊन त्यांच्याकडेच जात. मला, बिराजदारांच्या पोराला, सोडून हे लोक तिकडे जातात, याने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या जळण्यात जातीचा वाटा किती होता ते आता या वयात लपवून काय करू? होता.

बरं, माणूस गोड म्हणावा तर तेही नाही. फटकळ, स्वतःच्या काळ्या कोटाचा भलता अभिमान, चहा दुसऱ्याच्या नावावर पिणार. पुढे सलग दोन वर्षं पाऊस रुसला, कोर्टातला रांजण दुपारी बारालाच तळ दाखवू लागला, तेव्हा कांबळे घरून पाण्याची कापडी छागल आणून खुर्चीच्या पाठीला अडकवायचे. वकिलांपैकी कुणी हात लावला तर खेकसायचे. पण उलटतपासणीआधी साक्षीदाराला मात्र त्यातलं पेलाभर पाणी द्यायचे, सरकारी साक्षीदारालासुद्धा. जजसाहेबांनी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, कोरड्या घशाचा माणूस लवकर सुटायचं बघतो, खरं बघत नाही. बाररूममध्ये सगळ्यांनी वाहवा केली. मी वर्तमानपत्र उघडून बसलो.

त्या दुष्काळात पाझर तलावांची कामं निघाली, हजेरीपट निघाले, आणि मागोमाग खोट्या हजेरीचे खटले निघाले. त्यातल्या एकात माझा मेहुणा सापडला. मन्मथ, माझ्या बायकोचा, महानंदाचा, धाकटा भाऊ, पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर. आरोप असा की, अमुक दिवशी तलावावर स्वतः उभं राहून त्याने नसलेल्या मजुरांचे अंगठे उठवून घेतले आणि खाली सही केली. सिद्ध झालं असतं तर नोकरी गेली असती आणि तुरुंगही चुकला नसता. घरात दोन लहान मुली होत्या.

घरातच वकील, म्हणून तो गठ्ठा घेऊन माझ्याकडे आला. मी पंधरा दिवस कागद ठेवून घेतले, वरवर चाळले आणि सांगितलं, सही माझी नाहीच असं म्हण. तो म्हणाला, “दाजी, सही माझीच हाय. कारकुनानं संध्याकाळी ढीग ठेवला, मी करून टाकली. पण तलावावर मी गेलोच न्हवतो.” मी म्हटलं, असलं कोर्टात बोललास तर संपलास. तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी महानंदा माझ्या ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाली, “मन्मथला कांबळे वकिलांकडं घेऊन चालले मी. कागद काढून ठेवा दुपारपर्यंत.”

माझी बायको. माझ्या घरातून. मी ताट सरकवून उठलो.

त्या दुपारी मी रागाने तो गठ्ठा पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. काय सापडतंय त्याला बघू, म्हणून वाचला. शेवटून तिसरं पान खात्याच्या जीपच्या लॉगबुकाची नक्कल होती. डिझेलच्या खर्चासाठी पोलिसांनी ती जोडलेली. त्यात त्याच तारखेला मन्मथचं नाव होतं, सकाळपासून अंधार पडेपर्यंत औशाकडे टँकरबरोबर. म्हणजे पोरगा खरं बोलत होता आणि पुरावा सरकारनेच हातात दिला होता. सवयीने मी त्या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ ओढली. मग गठ्ठा बांधला, महानंदाच्या हातात दिला, आणि एक अक्षर बोललो नाही. कांबळ्यांना सापडलं तर सापडो, नाहीतर लोकांना कळेल, हा माणूसही चुकतो. मुलींची आठवण आली नाही असं नाही. आली होती.

पुढचं मन्मथकडून कळलं. कांबळ्यांनी तीन दिवस त्याच्याकडून वाचून घेतलं. तिसऱ्या दिवशी लॉगबुकाच्या पानावर तो स्वतःच अडखळला आणि रडायला लागला. कांबळे म्हणाले, “रडू नका. चूक येगळी आन् लबाडी येगळी. चूक आपली हाय, ती कबूल करू. लबाडी आपली न्हाई, तिला हात लावू द्यायचा न्हाई.”

निकालापर्यंतच्या प्रत्येक तारखेला मी मागच्या बाकावर बसत होतो. सगळ्यांना वाटायचं मेहुण्यासाठी. कांबळ्यांनी उठून पहिल्यांदा कबुली दिली की, सही आरोपीचीच आहे आणि न वाचता केलेली आहे. सरकारी वकील हसले. मला आतून बरं वाटलं, बुडाला एकदाचा. मग त्यांनी जीपच्या ड्रायव्हरला बोलावलं, पाणी दिलं, लॉगबुक पुढे ठेवलं. म्हातारा म्हणाला, साहेब दिवसभर माझ्यासंगं होते, टँकर नाल्यात फसला, आम्ही दोघांनी चाकाखाली दगड लावले. सरकारी वकिलांनी दोन तास झुलवलं, पण म्हातारा हलला नाही. मन्मथ निर्दोष सुटला. न वाचता सही केल्याबद्दल खात्याने पुढे त्याची वेतनवाढ रोखली, ती त्याने मुकाट मान्य केली.

निकाल ऐकून महानंदाने डोळ्यांना पदर लावला. आणि मला, खरं सांगतो, वाईट वाटलं. माझा मेहुणा सुटला आणि मला वाईट वाटलं. याहून हलकं काही मी आयुष्यात केलेलं नाही.

बाररूममध्ये कांबळे एकटेच होते. अभिनंदन करायला गेलो, ते कोट झटकत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “बिराजदारसाहेब, तुमची लाल पेन्सिल लई गडद असते हो. पोराला वाचायला द्यायच्या आधी खोडता खोडता रबर झिजलं माझं.”

ते पुढे म्हणाले, “त्याला कळलं असतं तर तुमच्या घरी पाय ठेवला नसता त्यानं. बहिणीचं घर हाय ते. मी तुमच्यासाठी न्हाई केलं.” छागल खांद्याला लावली आणि गेले.

त्यानंतर वीस वर्षं आम्ही एकाच बाररूममध्ये बसलो. त्यांनी तो विषय काढला नाही, ना चेष्टेत, ना भांडणात. मी त्यांच्याविरुद्ध बारच्या निवडणुकीत दोनदा प्रचार केला, तेव्हाही नाही. एक शब्द बोलले असते तर माझं घर मोडलं असतं. त्या न बोलण्याचाही मला हेवा वाटायचा. माझ्या हाती त्यांचं असं काही असतं, तर आठ दिवस पोटात राहिलं नसतं.

मागच्या वर्षी ते गेले. शोकसभेत बोलायला मलाच उभं केलं, सगळ्यांत जुना म्हणून. पुढच्या रांगेत मन्मथ, आता निवृत्त, दोन्ही मुलींना घेऊन बसला होता. मी त्या खटल्याबद्दल बोललो. म्हणालो, ते पान दुसऱ्या कुठल्याही वकिलाच्या नजरेतून सुटलं असतं. मन्मथने मान हलवली, डोळे पुसले. मीही पुसले. घरी आल्यावर मात्र पाणीसुद्धा गोड लागेना.

हे लिहीत बसलो असताना महानंदा चहा घेऊन आली. काय लिहिताय, म्हणाली. कांबळ्यांवर, म्हटलं. ती जरा टेकली. म्हणाली, “चांगलं लिहा. माझ्या भावाचं घर त्यांनीच वाचवलं. आणि तुम्ही त्यावेळी मन मोठं करून गठ्ठा दिलात, तेबी लिहा.”

चहा निवला आहे. मी तिला सांगितलंय, झालं की सगळ्यांत आधी तूच वाच.