खंडेनवमीची सुट्टी

आमच्या घरात पहिला ग्रॅज्युएट मी. बी.एस्सी., फिजिक्स. वडील गिरणीत होते. निकाल लागला तेव्हा त्यांनी अख्ख्या चाळीत स्वतःच्या हाताने पेढे वाटले. सांगायला मला आजही बरं वाटतं, उगाच कशाला लाजू?

नोकरी लागली मुलुंडच्या एका शेडमध्ये. कारखान्यांच्या आत माल हलवायला बॅटरीवर चालणाऱ्या ट्रॉल्या आम्ही बनवायचो. साहेबांनी एका जुन्या व्हॅनचं इंजिन काढून तिच्यात बॅटऱ्या बसवल्या आणि घाटकोपरच्या एका बेकरीवाल्याला गिऱ्हाईक म्हणून गाठलं. त्याचा टेम्पो इतका धूर सोडायचा की पावाला डिझेलचा वास येतो म्हणून दुकानदार माल परत पाठवायचे.

"दसऱ्याला गाडी घाटकोपरला जाऊन परत आली, तर तू पर्मनंट," साहेब मला म्हणाले. "नाहीतर दुसरीकडे बघ."

चार्जिंग माझ्याकडे होतं. खंडेनवमीला दुपारी बॅटऱ्यांत पाणी भरलं, चार्जर लावला. संध्याकाळी पूजा झाली. चार्जरला झेंडूचा हार, प्रत्येक बॅटरीवर कुंकू आणि फूल. मी नमस्कार केला आणि घरी गेलो.

सकाळी चार्जरचा काटा शून्यावर होता. बॅटरी भरली की काटा खाली येतोच, हे मला पाठ. खरं तर बॅटरीतलं पाणी काचेच्या नळीत ओढून चार्ज तपासायला हवा होता. पण त्यासाठी फुलं काढायला लागली असती. दसऱ्याच्या दिवशी पूजा कोण मोडणार?

आमचे मालवणी फिटर काका व्हॅन चालवायला बसले, शेजारी बेकरीवाला. मी मागे, बेकरीसाठी घेतलेल्या मैद्याच्या पोत्यांवर. आग्रा रोडवर गाडी काय सुंदर निघाली! आवाज नाही, धूर नाही. भांडुपपर्यंत बेकरीवाला खूश होता. मग वेग कमी कमी होत गेला आणि एका पिठाच्या गिरणीसमोर गाडी थांबली.

"काय झालं रे?" बेकरीवाला म्हणाला. "झोपली काय?"

मी उतरलो, एका बॅटरीवरचं फूल काढलं, नळी घातली. चार्ज जवळजवळ नव्हताच. रात्रभर चार्जर चालला होता तरी कुठे?

काकांचा चेहरा उतरला. "काल पूजेनंतर मेन स्विच मियाच बंद केलंय रे. खंडेनवमीक यंत्रांका सुट्टी नको?"

दोष काकांवर ढकलता आला असता. पण पूजा मोडायची नाही म्हणून नळी न घालणारा बी.एस्सी. मीच ना!

"गाडीत बिघाड नाही," मी बेकरीवाल्याला सांगितलं. "चार्जिंग झालंच नाही. न तपासता निघालो, चूक माझी."

तो पोट धरून हसला. "अरे, माझ्या भट्टीलाही काल सुट्टी होती! मग तुझ्या गाडीनेच काय पाप केलं? पेट्रोल संपलं तर गाडी टाकून देतो का आपण? उद्या पोट भरून आण. चला, आता ढकला."

तिघांनी मिळून भांडुपहून मुलुंडपर्यंत व्हॅन ढकलली. सोनं वाटत फिरणाऱ्यांनी आमच्याही हातात आपट्याची पानं कोंबली. "नवी गाडी का? झकास!" साहेबांना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "उद्या."

दुसऱ्या दिवशी सात बॅटऱ्यांत सात वेळा नळी घालून मी काकांच्या शेजारी बसून निघालो. घाटकोपरला पाव भरले, मुलुंडच्या दुकानांत उतरवले. बेकरीवाल्याने एक पाव उचलून हुंगला. "पावाला पावाचाच वास येतोय रे!" व्हॅन त्याने घेतली आणि साहेबांनी मला पर्मनंट केल्याची चिठ्ठी दिली. वडील चाळीत सांगत सुटले, "पोरगा विजेची गाडी चालवतो." माझ्याकडे लायसन्सही नव्हतं.

पुढच्या खंडेनवमीला काकांनी सगळी यंत्रं बंद केली. चार्जरला मात्र हार घालून बटण चालूच ठेवलं.

"ह्येका सुट्टी नाय," माझ्याकडे बघून ते म्हणाले. "ह्यो पर्मनंट, तुझ्यासारखो."