डिझेलचं शेवाळ

मी गोंदियात रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते. दिवसभर परक्या लोकांची थुंकी, शौच नि पू यांच्याशी गाठ, त्यामुळे मला सहजासहजी शिसारी येत नाही. तशी ती खोड मायनं लहानपणीच मोडली होती. आमचं गाव गोंदियाजवळच्या गोरेगावकडचं, तिथूनच मी रोज ये-जा करते. गावाला एक बोडी आहे, म्हणजे भाताच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांना, पाणी पुरवणारा लहानसा जुना तलाव. त्या बोडीत माय दरवर्षी शिंगाडा लावायची. माझ्या पोटरीला जळू चिकटली की मी बोंबलायचे, आणि माय ती चिमटीत धरून उपटत म्हणायची, "पान्याची किळस करू नाई पोरी. आपलं पोट त्याच्यातच हाये."

शिंगाडा तोडायच्या पहिल्या दिवशी तिचा एक नेम असे. काठावर बसायचं, ओंजळभर पाणी प्यायचं आणि मगच उतरायचं. हे तिला तिच्या मायकडून आलेलं. विज्ञान शिकून आल्यावर मी एकदा तिला जंतूंवर लांबलचक भाषण दिलं. तिनं ते शांतपणे ऐकलं, पाणी प्याली आणि म्हणाली, "तुझे जंतू मले ओळखतेत."

गावाबाहेर एका सेठची राईस मिल आहे. तिथे उसना तांदूळ होतो. त्यासाठी धान भिजत घालतात, मग उकडतात, आणि भिजवल्यानंतर उरलेलं पाणी असं घाण मारतं की वाऱ्याची दिशा बदलली की सारं गाव दारं लावून घेतं. या पाण्यावरून तक्रारी वाढल्या तेव्हा सेठला कुणीतरी शेवाळ सुचवलं. या पाण्यावर शेवाळ वाढवायचं, शेवाळातून तेल काढायचं, तेलाचं डिझेल करायचं. घाण जाणार, इंधन येणार.

बोडीच्या वरच्या अंगाला प्लास्टिक अंथरलेले मोठे खड्डे तयार झाले. उद्घाटनाला मांडव, नारळ, हार सगळं होतं. सेठ माईकवर म्हणाला, "ये हरा सोना है, भाइयों." लोकांना नाकाला पदर लावून भाषण ऐकायला लावायचं आणि वर त्या घाणीला सोनं म्हणायचं!

खरं सांगायचं तर यात सगळंच खोटं नव्हतं, आणि माझी चिडचिड त्यामुळेच जास्त होत होती. शेवाळात तेल असतं. ते झपाट्यानं वाढतं, त्याला शेत लागत नाही, सांडपाण्यातलं बरंच काही ते खाऊन टाकतं. पण बरणीतलं शेवाळ वेगळं आणि उघड्या खड्ड्यातलं वेगळं. ते पाण्यातून गाळायला, वाळवायला, पिळायला इतकी ऊर्जा लागते की शेवटी हाती काय उरतं हाच प्रश्न. आणि ते भलत्या पाण्यात सुटलं तर? हे मी मांडवात उठून विचारलं. सेठ हसला. "बेटी, शेवाळ को पैर थोड़े ही होते हैं." माणसंही हसली. सगळ्यात मोठ्यानं आमचे मोठेबाबा हसले, कारण वडिलांच्या या थोरल्या भावाला सेठनं खड्ड्यांवर राखणदार नेमलं होतं.

मोठेबाबांचा जन्म भाताच्या चिखलात गेला. त्यांनी त्या खड्ड्यांना खड्डे कधी म्हटलंच नाही, बांध्या म्हणायचे. पाणी हिरवंगार झालं तेव्हा पीक जोमात आलं म्हणून खूश झाले. घरचा उरलेला युरियाही सेठला न विचारता टाकून आले. सेठला कळलं तेव्हा त्यानं पाठ थोपटली.

मग भादव्यात पावसाची झड लागली. खड्डे काठोकाठ भरले. सेठ गोंदियात, फोन लागेना. अशा वेळी आमच्याकडचा कुणीही शेतकरी जे करतो तेच मोठेबाबांनी केलं. पाण्यानं पीक वाहून जायला नको म्हणून फावडं घेतलं आणि उताराच्या बाजूनं काठ फोडला. बांधीत जास्तीचं पाणी निघून जातं आणि धान मुळांवर उभं राहतं. शेवाळाला मुळं कुठली? सगळा हिरवा रस्सा युरियासकट बोडीत उतरला.

नंतर ऊन पडलं आणि बोडी रंगाच्या डब्यासारखी दिसू लागली. शेवाळानं पाण्यातला प्राणवायू संपवला आणि एका पहाटे मासे पाण्यावर तोंडं काढून आ वासत होते. दुपारपर्यंत ते पोट वर करून तरंगले. पुढे आठवडाभर बोडीवर जी साय होती तिला साय म्हणणंही मला नको वाटतं. हिरवी, चिकट, मधे फुगलेले मासे आणि वर माशा. वास नाकातून जाईना, जेवताना वरणातही तो यायचा. दिवसभर शौचाचे डबे उघडणारी मी, पण त्या काठावर दोनदा ओकले.

सेठ आला तो रुमाल नाकाला लावूनच. "बुड्ढे ने पूरी बोडी खराब कर दी," एवढंच म्हणाला आणि गाडीची काच वर केली. मोठेबाबा घरी येऊन ओसरीवर बसले. "पानी भरलं त काठ फोडाव नाई त का कराव?" असं ज्याला त्याला विचारत राहिले. गावकऱ्यांनी डिझेल इंजिनं लावून वरचा लगदा दिवसरात्र नाल्यात उपसला. ज्यातून डिझेल निघणार होतं ते काढून फेकायला आम्ही डिझेल जाळलं, आणि नाल्याच्या खालच्या गावाचं काय झालं असेल हे न विचारल्याची लाज आम्हा कुणालाच वाटली नाही. या गोष्टीची घाण मला सेठच्या घाणीइतकीच येते.

शिंगाड्याचे बरेच वेल कुजले. थोडे मात्र काठाकडच्या कोपऱ्यात तगले आणि दिवाळीच्या सुमारास त्यांना फळ धरलं. माय म्हणाली, तोडायले जाऊ. मी सुट्टी काढून तिच्यासोबत गेले. पाणी निवळलं होतं म्हणे. म्हणणारे लांबून पाहणारे होते.

माय काठावर बसली. मी म्हटलं, "माय, या साली नको पिऊ."

"काऊन? बोडी बदलली का?"

तिनं बोटांनी हिरवी साय बाजूला सारली आणि ओंजळ भरली. मी तिच्या मनगटाला धरायला वाकले, पण त्याची गरजच पडली नाही. ओंजळ ओठांशी नेऊन ती थांबली. तिचं नाक आखडलं, ओठ घट्ट मिटले, मान आपोआप मागे गेली. माझ्या समोर बसणाऱ्या रोग्यांच्या तोंडावर हे मी रोज बघते. मायच्या तोंडावर कधीच पाहिलं नव्हतं.

तिनं पाणी सोडून दिलं. हात लुगड्याला पुसले, मग पुन्हा पुसले, मग हुंगले. बोडीकडे न बघता ती उठली आणि वेलांवरचे शिंगाडे तसेच ठेवून घराकडे चालू लागली. बांधावरून तिनं मला पुढे पाठवलं.

"जाय पोरी, साबन काढून ठेव."