घोड्याचं चुकीचं टोक

दुसरं महायुद्ध संपलं, तरी लंडनच्या कडेच्या एका गल्लीत लिदीवरून लढाई चालूच होती. दूधवाल्याचा घोडा ज्याच्या फाटकासमोर लीद टाकेल, त्याची ती, असा रिवाज होता. बेरिलच्या बाबांना लिदीचं खत घालून गुलाबांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळवायचं होतं. म्हणून बेरिल रोज शाळेआधी फाटकाशी उभी राहून घोड्याला गाजर भरवायची. घोडा इमानदार. तिथंच थांबायचा, खायचा, लीदही टाकायचा. फक्त तोंड बेरिलच्या फाटकाशी आलं, की शेपटी शेजारच्या पेटिफरकाकूंच्या फाटकासमोर यायची.

बक्षीस अर्थातच काकूंना मिळालं.

"बेरिल बाळा, तुझ्या गाजरांचे उपकार हं!" त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "मेहनत केलीस खरी, कार्टे, पण चुकीच्या टोकावर."