एकाच काचेच्या दोन जखमा

गल्लीत तिला सगळे काचकाकी म्हणत. नवरा काच कापायचा, ती खिडक्यांच्या चौकटीत बसवायची. मोठी काच उचलायची तर एक टोक त्याच्याकडे, दुसरं हिच्याकडे. परक्याला ती हात लावू देत नसे. दोघंही महाहट्टी. दुकान टिकलं ते त्या हट्टावरच, असं म्हणायला माझी हरकत नाही.

एकदा दारातून नेताना काच तडकली आणि दोघांचेही तळहात फाटले. एकाच डॉक्टरीणबाईंनी दोघांना टाके घातले, मलमही एकच दिलं. काकीचा हात बघता बघता भरला. त्याची जखम मात्र टाके काढल्यावर पुन्हा उकलली आणि कडा काळपट पडल्या.

बाईंनी त्याच्या रक्तातली साखर तपासली. ती ठीक निघाली. मग त्यांची नजर त्याच्या खिशातल्या सिगारेटच्या पाकिटावर गेली.

"तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात," त्या म्हणाल्या. "जखमेपर्यंत पुरेसं रक्तच पोचत नाही. मग मांस भरणार कशाच्या जोरावर? सिगारेट सोडली नाहीत, तर हात वाचेल याची खात्री मी देणार नाही."

"धूर छातीत जातो, बाई. तळहातात नाही," तो म्हणाला.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते अशांसाठीच. घरी पोचताच त्यानं डाव्या हातानं सिगारेट पेटवली. काकीचं डोकं फिरलं. उजवा हात गेला तर हा काच कापणार कशानं, आणि ती दुसरं टोक धरणार कोणासाठी?

"माझा भरला, तुमचा का नाही?"

"तुझी कातडी चांगली. नशीब एकेकाचं."

"असं होय?" काकीनं पाकिटातून एक सिगारेट काढून ओठांत धरली आणि काडी ओढली.

"अगं, हे काय?"

"कातडी चांगली आहे ना माझी? काच काय, उद्याही कापेल मला. रोज ओढते आणि बघते, तेव्हा जखम भरते का."

त्यानं दुखऱ्या हातानंच ती सिगारेट हिसकावली. पट्टी लाल झाली.

"वेड लागलंय का तुला? हात जाईल तुझा."

बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. डाव्या हातातली स्वतःची सिगारेट अजून जळत होती. ती कुठे ठेवावी, ते त्याला सुचेना.

काकीनं पाण्याचा पेला पुढे सरकवला. "ह्यात," ती म्हणाली.