दोन तास आणि एक ओळ

"आता रिझर्व्हचं कपाट कोण उघडणार?" जिन्यावर माझ्यापुढे चढणारी मुलगी मैत्रिणीला विचारत होती. "अक्का वारल्या ना, धुळ्याला, भावाच्या घरी. झोपेतच..." मी मागच्यांना वाट करून दिली आणि खाली उतरले.

अक्का म्हणजे जळगावातल्या आमच्या कॉलेजच्या संगीत विभागाच्या ग्रंथपाल, मूळच्या अमळनेरच्या. अभ्यासक्रमातल्या बंदिशींची पुस्तकं आणि ध्वनिमुद्रणं त्या वेगळ्या, 'रिझर्व्ह'च्या कपाटात ठेवत. ती घरी न्यायची नाहीत. तिथेच बसून दोन तास ऐकायची आणि परत करायची. हा नियम कॉलेजचा. पुढचा नियम अक्कांचा: हेडफोन परत देताना काउंटरसमोर बंदिशीची एक ओळ म्हणायची. "यंत्र आठे ठेव, गाणं घर लई जाय," असं त्यांचं अहिराणीतलं म्हणणं; यंत्र इथेच राहू दे, गाणं मात्र घरी ने.

पहिल्या वेळी माझं तोंडच उघडेना. इंग्रजी शाळेत वाढलेली मी. स्वरलिपी भराभर वाचायचे, पण चारचौघांत साधं बोलतानाही शब्द जपून काढायचे. रांगेतून एक सीनियर म्हणाला, "अक्का, हिला इंग्लिशमध्ये विचारा." अक्कांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू गप र्‍हाय रे भाऊ. तुना भीमपलास आजून बागेश्रीना घर मुक्कामले शे." या दोन रागांची त्याची सरमिसळ सगळ्यांना ठाऊक होती; सगळे हसले, तोही हसला. त्या हसण्याच्या आडोशाने मी काउंटरच्या काचेवर बोटांनी ठेका धरला, अगदी हळू. अक्का समेपर्यंत थांबल्या, मग हेडफोन उचलला. "चाली. आज बोटे, मंग गळा."

ते 'मंग' लांबतच गेलं. अक्कांनी कधी घाई केली नाही. उलट मला नेहमी दुपारची शेवटची वेळ द्यायच्या... तेव्हा रांग नसते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मी काचेवर ठेका वाजवायचे, पलीकडून त्याही बोटांनी साथ द्यायच्या, आणि आम्ही दोघी एकदमच समेवर यायचो. तो आनंद आठवला की अजूनही बरं वाटतं. शेवटच्या भेटीत, धुळ्याला निघण्याआधी, कपाटाला कुलूप लावता लावता त्यांनी विचारलं, "सुटीनंतर एक ओळ देशी ना माले?" मी मान हलवली. त्यांना ती पुरली असावी; हसतच गेल्या.

आता काउंटरवर नवे सर आहेत, शांत आणि नेमके. कपाट वेळेवर उघडतं, काच तीच आहे. गेल्या आठवड्यात मी भीमपलास ऐकला आणि हेडफोन परत केला. "झालं, या तुम्ही," सर म्हणाले. मागे रांग होती. माझी बोटं सवयीने काचेवर गेली, आणि या वेळी तिथेच थांबली.

"सर," मी म्हणाले, "आधी एक ओळ ऐकून घ्यायची असते."