रमच्या बाटलीवरचं लेबल

लडाखमधल्या त्या पोस्टवर आम्ही अकरा जण होतो. उंची सोळा हजार फूट. मी नायब सुभेदार, पोस्ट कमांडर. सकाळी स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारांसह मोर्च्यावर, सातला रेडिओ चेक, मग चहा.

रेशन स्टोअरमधली पिठाची पोती कुरतडली जात होती, म्हणून पिंजरा लावला. त्यात एक मेलेला प्राणी सापडला. तो घेऊन नायक रामसेवक आला. तो चिरगावचा, मी झाशीचा. एकटे असलो की तो घरच्या बुंदेलीत बोले; 'नइयाँ' म्हणजे नाही.

"साब, जो चूहा नइयाँ. पूँछई नइयाँ."

"तो खरगोश होगा. फेंको."

"इत्तो सो खरगोश? आपने खरगोश देखो है कभऊँ?"

त्याने स्वतःच्या वाट्याची रम रुंद तोंडाच्या बाटलीत ओतली आणि प्राणी त्यात बुडवला. लेबलवर पोस्टचं नाव, उंची, तारीख आणि स्वतःचं नाव लिहिलं. सुट्टीत तो प्राणी झाशीच्या कॉलेजात दाखवणार होता. पोस्टचं ठिकाण बाहेर जात नाही. मी पोस्टचं नाव आणि उंची काळ्या शाईने खोडली. त्याने बाटली आपल्या सामानात ठेवली.

तीन दिवसांनी ११२० वाजता गस्तीच्या तुकडीवर हिमकडा कोसळला. मी पोस्टवर रेडिओपाशी होतो.

"पाँच निकले थे, चार हैं. ओव्हर."

"कौन नहीं है?"

"रामसेवक."

१५४० ला तो मृत सापडला. त्याच्या सामानाची यादी मी केली. बाटली घरी पाठवण्यासारखी नव्हती. ती मी ठेवून घेतली.

निवृत्तीनंतर ती झाशीतल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिकेकडे नेली. कातडी विटली होती, कवटी शाबूत होती. सशाच्या दूरच्या कुळातला प्राणी, पण दातांची ठेवण नोंदलेल्या कुठल्याच जातीशी जुळत नव्हती.

"सूबेदार साहब, मिला कहाँ?"

"बता नहीं सकता."

"फिर ये सिर्फ़ एक मरा हुआ जानवर है."

ठिकाण मला पाठ होतं. ते सांगण्याच्या परवानगीसाठी मी रेजिमेंटला पत्र लिहिलं. सात महिन्यांनी उत्तर आलं: जिल्हा आणि उंची सांगावी, पोस्टचं नाव नाही. पुढच्या उन्हाळ्यात संशोधक त्या जिल्ह्यात गेले. तेवढ्याच उंचीवर, दगडांखाली गवत वाळवणारे जिवंत प्राणी त्यांना मिळाले. जात नवी ठरली. शोधनिबंधात पहिल्या नमुन्यापुढे छापलं आहे: संग्राहक, नायक रामसेवक.

ते पान घेऊन मी चिरगावला गेलो. त्याच्या बायकोने छापलेल्या नावावर बोट ठेवलं.

"चिट्ठी में लिखो हतो उनने, साब मानत नइयाँ. चूहा हतो का?"

"नहीं, भाभी. रामसेवक सही था."